अभ्यासक्रमाबाहेरचा तास

रेमंड,

गेल्या शनिवारी पापडीच्या दफनभूमीत तुला माती दिली आणि या शनिवारी मी पुन्हा तुझ्याशी भांडायला बसले आहे. तुला वाटलं असेल, आता तरी पेशवीणबाईंच्या तोंडातून सुटलो. नाही सुटलास. इतकी वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडलो, ते टेबल अजून तिथंच आहे आणि मीही आहे. तुझ्या बाजूला सध्या कुणीतरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवून दिलेत. मी ते उचलले, मग परत ठेवले, कारण उचलून तरी कुठं ठेवणार होते?

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला सांगितलंय. जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार असा नमुनाही दिला आहे. तो मजकूर दुसरं कुणी लिहील. तुला एकही पुरस्कार मिळाला नाही, हे मी बरीच वर्षं तुला ऐकवत आले, त्यामुळे तो रकाना माझ्याकडून भरला जाणार नाही.

आपल्या कॉलेजात इतिहास विभाग म्हणजे आपण दोघं. तू आधुनिक युरोप शिकवायचास, मी मराठ्यांचा इतिहास. तू वसईतल्या पापडीचा कॅथलिक, मी तिथल्याच होळी भागातल्या भाजीवाडीतली हिंदू. त्यामुळे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना वाटायचं, ज्याला त्याला आपापलं घरचं काम दिलंय. नवीन आलेला प्रत्येक प्राध्यापक एकदा तरी तो विनोद करायचा, की वसईची लढाई अजून स्टाफरूममध्ये चालू आहे. तू मला पेशवीणबाई म्हणायचास, मी तुला फिरंगी. खरं तर तुझ्या विहिरीचं पाणी जेवढं मचूळ तेवढंच आमच्या विहिरीचं, आणि लहानपणी दोघांनी एकाच एसटीला लोंबकळून शाळा केली. तुझ्या घराण्यात पोर्तुगीज काय होतं? आडनाव. आणि माझ्या घराण्यात पेशव्यांचं काय होतं, तर तेवढंही नाही.

एका वर्षी आपण पेपर बदलून घेतले, आठवतं? तू मराठे शिकवलेस आणि मी युरोप. तुझ्या वर्गात मुलं दारापर्यंत उभी असायची. माझ्या वर्गात फ्रेंच राज्यक्रांती संपता संपेना. एकदा तू मागच्या बाकावर येऊन बसलास आणि तास झाल्यावर म्हणालास, "काय गं, तुझ्या युरोपात नुसते राजे आणि सेनापतीच राहतात का? भाकरी कोण भाजतं तिथं?" मला इतका राग आला होता. पुढच्या तासाला मी पॅरिसच्या बायकांचा पावासाठीचा मोर्चा शिकवला आणि वर्ग पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होता. तुला हे मी कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तुझी शिकवण्याची एक पद्धत होती. फळ्यावर आधी सगळं जग काढायचास आणि त्यात युरोप तळहाताएवढा. मुलं तक्रार करायची, सर, नावं मावत नाहीत. तू म्हणायचास, मावत नाहीत म्हणूनच ते बाहेर पडले. मग कुठलीही गोष्ट सुरू झाली, की तुझा प्रश्न ठरलेला: त्या वेळी बाकीचे काय करत होते? इंग्लंडच्या गिरण्या आल्या, की कापूस कुणी वेचला ते आधी. बेल्जियमचे रुंद रस्ते आले, की काँगोतलं रबर आधी. आयर्लंडचा दुष्काळ आला, की धान्याची जहाजं कुठून कुठं चालली होती ते आधी. वर्षाच्या पहिल्या तासाला एक वाक्य तू न चुकता म्हणायचास, की युरोपचा इतिहास म्हणजे फक्त युरोपात घडलेला इतिहास नव्हे, त्यात आपणही आहोत, बोट ठेवून दाखवा कुठं. आणि मुलं खरंच उठून फळ्यावर बोट ठेवायची.

त्या मुलांत एका वर्षी तुझा जोएलही होता. बापाचाच पेपर घेतला त्याने. तू त्याला इतरांपेक्षा कमी गुण दिलेस. तुझ्या बायकोने, लीनाने तुझ्याशी अबोला धरला आणि मी तुला मूर्ख म्हणाले.

आता ज्यासाठी लिहायला बसले, त्याकडे येते.

तुमच्याकडे जेवायला आले होते तो रविवार मला तसाच्या तसा आठवतो, कारण लीनाने मटण आणि पिठाचे तळलेले फुगे केले होते आणि ते कुणीच नीट खाल्ले नाहीत. जोएल लॉटरी लागल्यासारखा घरात शिरला. कुठल्याशा एजंटाने त्याला सांगितलं होतं, की गोव्याच्या पोरांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो, तुमचंही आडनाव पोर्तुगीज, तुमची वसईही पोर्तुगीजांची, मग तुम्हालाही मिळेल. वसईच्या पोराशिवाय ही चूक कोण करणार? गोव्याच्या पोराला तो मिळतोच, आणि नागपूरच्या पोराला तशी आशाही वाटत नाही. मधे लोंबकळणारे आपणच. तू हसलास. म्हणालास, "अरे, गोवा, दमण परवापर्यंत त्यांच्याकडे होतं. तिथं जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना मिळतो. वसई त्यांच्या हातातून सतराशे एकोणचाळीसमध्येच गेली. आपल्याला थोडा उशीर झाला, बाळा."

जोएल हसला नाही. एजंटाने दुसरी वाटही दाखवली होती. आजोबांचा जन्म गोव्यातला दाखवायचा, बाप्तिस्म्याचा दाखला तो 'जमवणार', आणि तू फक्त एका प्रतिज्ञापत्रावर सही करायचीस.

"बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, त्यांच्या इतिहासात आपण आहोत म्हणून?"

"आहोत."

"नाव त्यांनी दिलं, धर्म त्यांनी दिला. आता दारात गेलो तर पुरावा मागतात. मग एक सही केली तर बिघडलं काय?"

"तुझे आजोबा या घरात जन्मले. त्या खोलीत. ते गोव्यात जन्मले असं मी लिहून देणार नाही."

"एवढंच कारण?"

"एवढंच. आणि इतिहासात आहेस म्हणून तू त्यांच्यातला होत नाहीस. तू त्या लोकांतला नाहीस, जोएल."

मी मधे पडले. म्हटलं, सही कर रे, त्यांनी आपल्या लोकांकडून जे लिहून घेतलं त्यातलं किती खरं होतं? तू माझ्याकडे असा पाहिलास, जणू मी तुझ्या घरातलं काही चोरलंय. "तू पण? मूळ साधनं तपासायची असतात, हे तुला मी सांगायचं?" मी म्हटलं, साधनं मेलेल्यांसाठी, हा जिवंत आहे. तेव्हाही मला असंच वाटत होतं आणि आजही असंच वाटतं. तू मेलास म्हणून मी तुझी बाजू घेणार नाही.

पण तू कोण होतास तेही मला माहीत होतं. माझी आई अंथरुणाला खिळली त्या वर्षी माझे सगळे सकाळचे तास तू घेतलेस. एक दिवसही बोलून दाखवलं नाहीस. उलट येताना आईसाठी वाडीतल्या केळ्यांची सुकेळी आणायचास आणि तिच्याशी तिच्या बोलीत गप्पा मारत बसायचास. पण मस्टरवर माझी हजेरी लागू दिली नाहीस. प्रत्येक तासापुढे 'बदली' असं लिहून स्वतःची सही. प्राचार्य म्हणाले, अहो, कुणाला कळतंय. तू म्हणालास, मला कळतंय. असा माणूस पोराच्या पासपोर्टसाठी बापाचं जन्मगाव बदलेल, असं जोएलला वाटलंच कसं? तरीही वाटलं, कारण तू त्याचा बाप होतास.

तो गेलाच. पाहुणा म्हणून व्हिसा घेऊन गेला आणि तिथंच राहिला. पोर्तुगालच्या दक्षिणेला, प्लास्टिकच्या लांबलचक बोगद्यांत रासबेरी तोडायला. राहण्याचे कागद अर्धवट. म्हणजे काम करता येतं, पण एकदा त्या देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत जाता येणार नाही. तुमचं बोलणं त्या रविवारपासून बंद.

लीनाला तो व्हिडिओ कॉल करायचा. ती फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून भाकऱ्या थापायची आणि तो बोलत राहायचा. तू बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसायचास. एकदा मी तिथंच होते. जोएल अर्धा तास बोलत होता आणि तू पान उलटलं नाहीस. म्हणालास, "लीना, आवाज कमी कर." तिने केला नाही. तूही परत सांगितलं नाहीस.

किती वेळा मी तुझ्यामागे लागले. एकदा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्याला 'कसा आहेस' एवढं म्हण. तू म्हणायचास, त्याने विचारलं तर बोलेन. तिकडून तो मला म्हणायचा, बाबांनी विचारलं तर बोलेन. दोघांचा हेका सारखा. लीना बिचारी मधल्या मधे वाळली.

हॉस्पिटलात तू शेवटपर्यंत शुद्धीवर होतास आणि भरपूर बोललास, याचाच मला संताप येतो. छातीत पाणी झालं होतं, धाप लागत होती, तरी तू प्रश्नपत्रिकेबद्दल बोललास. इटलीच्या एकीकरणावरचा प्रश्न मागच्या वर्षीसारखाच पडलाय, बदल. तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम संपलाय, तू फक्त उजळणी घे. बोळिंजची एक मुलगी आहे, हुशार आहे, तिला पुढे एम.ए.ला बसव. नर्सने इंजेक्शन उशिरा दिलं त्याबद्दलही बोललास. मी सरळ विचारलं, "जोएलला फोन लावू?" तू म्हणालास, "नको. आत्ता नको." मला वाटलं, उद्या परत विचारू.

आपल्याकडे आता मयताची बातमी कळली की लोक कशाने गेला हे नंतर विचारतात. आधी विचारतात, मुलगा कधी येतोय? घरटी एक पोर परदेशात. त्याचं विमान उतरेपर्यंत माणूस शवागारात थांबतो आणि घरातले दारात. तुझ्यासाठीही तसंच झालं. लीना म्हणाली, तो सांगेल तितकं थांबेन.

जोएलने आईला फोन केला नाही. मला केला, लहानपणापासून तो मला आत्याच म्हणतो.

"आत्या, खरं सांगा. बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले?"

तो काय विचारत होता, मला कळलं. यायचं म्हणजे तिथली सगळी वर्षं पाण्यात घालून यायचं, परत जायचं नाही. त्याला त्यासाठी एक कारण हवं होतं. एक शब्द. 'हो' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता, रेमंड. तुला सही कर म्हणून सांगणारी मी, मला एक शब्द खोटा बोलायला काय जड होतं? पण तो 'खरं सांगा' म्हणाला होता. त्याच्या मागे वाऱ्याने प्लास्टिक फडफडत होतं, ते मला ऐकू येत होतं.

मी म्हटलं, "नाही, बाळा. काही बोलला नाही."

तो म्हणाला, "मग थांबू नका."

लीनाला हे सांगायचं कामही माझ्याच वाट्याला आलं. ती ओट्याला धरून उभी राहिली, एवढंच. तुझी मोठी बहीण म्हणाली, "पोर नाय येत म्हनतो. मग कोनासाठी ठेवायचा? चला, आटपा." तिच्या आवाजात राग नव्हता. तिचेही दोन मुलगे बाहेर आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चमध्ये मिस्सा झाली. फादर तुझ्या शिस्तीबद्दल बोलले. तुझे विद्यार्थी इतके आले होते, की अर्धे बाहेर आवारात उभे होते. माती टाकायची वेळ आली तेव्हा सगळे लीनाच्या मागे पाहत होते, कारण तिथं मुलगा असतो. मी तिचा हात धरला होता. तिच्यानंतर मी टाकली. मूठ उघडेना, हे मी तुला उगाच सांगते आहे, पण उघडेना.

मग गुरुवारी तुझा वर्ग घेतला. मी म्हटलं, सरांनी अभ्यासक्रम पूर्ण केलाय, आपण उजळणी करू. तर ती बोळिंजची मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, सरांनी नंतर एक तास एक्स्ट्रा घेतला ना, सिलॅबसच्या बाहेरचा. तो एक्झामला येणार आहे का?"

मला काही माहीत नव्हतं. मी विचारलं, कसला तास?

मग सगळेच बोलायला लागले. तुझ्या आजारपणाच्या आधीचा तो शेवटचा तास. तू विचारलंस, युरोपचे लोक म्हणजे कोण? मुलांनी फ्रेंच, जर्मन, इटालियन सुरू केलं. तू म्हणालास, हे मागचे झाले, आजचे सांगा. कुणाला सांगता येईना. मग तू त्यांना एक प्लास्टिकचा बोगदा शिकवलास. आत किती उकडतं. रासबेरीचा रंग नखांतून कसा जात नाही. एका खोलीत सहा पलंग. पंजाबी पोरगा स्वयंपाक करतो, नेपाळी भांडी घासतो, बांगलादेशी नमाजाला उठतो तेव्हा बाकीचे त्याच्या गजरावर शिव्या देतात आणि त्याच गजरावर कामाला उठतात. रविवारी गावातल्या चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका आधी पर्स जवळ ओढून घ्यायच्या, आता सरकून जागा देतात. रेमंड, यातला शब्द न् शब्द मसाल्याच्या डब्याला टेकवलेल्या त्या फोनमधला होता.

"मग सर बोलले," ती मुलगी म्हणाली, "की हे पण युरोपचे लोक. उद्या कोणी त्यांची हिस्टरी लिहिली तर यांना सोडून लिहिताच येणार नाही."

"अजून काय म्हणाले?"

तिने शेजारच्या मुलीकडे पाहिलं. "बोलले की माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे तिकडे. त्याला मी बोललो होतो, तू त्यांच्यातला नाहीस. ते माझं चुकलं."

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "रडले वगैरे नाय हां मॅडम. फक्त नंतर फळा पुसत राहिले. पुसून झालेला तरी."

मी उजळणी घेतली नाही. तासभर खुर्चीत बसून राहिले. मला वाटायला हवं होतं, की मी जिंकले. इतकी वर्षं जोएलची बाजू घेऊन तुझ्याशी भांडत आले आणि तू ती मान्य केलीस. कबूल केलंस, भर वर्गात केलंस, आणि तुझ्या जन्मभराच्या सवयीप्रमाणे पुराव्यासकट केलंस. पण मला पाच-सहा दिवस आधी कळलं असतं, तर जोएलच्या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर होतं. 'नाही, बाळा' म्हणावं लागलं नसतं. तो आला असता. नसताही आला कदाचित. पण मग न येणं त्याचं असतं, माझ्या एका वाक्यामुळे नसतं.

हॉस्पिटलात मी तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा हे सगळं तू बोलून मोकळा झालेला होतास. म्हणून तर तू इतका निवांत होतास. मला तेव्हा वाटलं, औषधांमुळे.

काल संध्याकाळी जोएलला फोन केला. तिकडे त्याची जेवणाची सुट्टी होती. मी काही घातलं नाही, काही गाळलं नाही. बोगदा, पलंग, गजर, पर्स ओढणाऱ्या बायका. ती मुलगी जसं बोलली तसं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"सगळ्या वर्गासमोर बोलले?"

"हो."

"माझं नाव घेतलं?"

"नाही. ओळखीचा एक मुलगा म्हणाला."

"आणि चुकलं म्हणाले?"

"तसंच म्हणाला. 'ते माझं चुकलं.'"

मागे कुणीतरी हिंदीत त्याला हाका मारत होतं, चल, सुट्टी संपली. तो गेला नाही.

"आत्या, मग मला का नाही बोलले?"

त्याने फोन ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. मी काल रात्रीपासून तुझ्या बाजूने एखादं उत्तर शोधते आहे. तू लाजलास म्हणू? वेळ आहे असं तुला वाटलं म्हणू? माणसाला कधी कधी आपल्यापेक्षा परक्यांसमोर बोलणं सोपं जातं, असं म्हणू? यातलं काहीही खरं असेल, पण माझ्याकडे साधन नाही, आणि त्या पोराला मी अंदाज सांगणार नाही.

दरवर्षी नवी येणारी आणि परीक्षा झाली की विसरून जाणारी मुलं होती ती, रेमंड. त्यांना तू सांगितलंस. तुझं स्वतःचं पोर एकच होतं, आणि त्याला ते माझ्या तोंडून ऐकावं लागलं.